जुन्या ॲम्प्लिफायरचं काय करायचं?

पुण्या-मुंबईत जुन्या सोसायट्या एकामागून एक पुनर्विकासाला जाताहेत. घर रिकामं करताना माळ्यावरून, शोकेसच्या खालच्या कप्प्यातून धुळीने माखलेल्या जड पेट्या निघतात. त्यांच्यावर क्वाड, मॅकिन्टॉश, मॅरँट्झ, सान्सुई, क्वचित क्रेल अशी नावं असतात. परदेशी वस्तू आणणं जवळपास अशक्य होतं त्या काळात कुणी इंग्लंडहून, कुणी आखातातून, कायमचं परत येताना मिळणाऱ्या ट्रान्स्फर ऑफ रेसिडेन्सच्या सवलतीत बाकीचं सामान कमी करून त्या आणलेल्या असतात. आणणारा आता नसतो, किंवा ऐंशीच्या पुढे असतो. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी बंगळुरूत, आणि तात्पुरत्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एवढ्या मोठ्या पेटीला जागा नाही. भंगारवाला वजनावर घ्यायला तयार असतो. त्याच पेटीला पाच आकडी, कधी सहा आकडी रक्कम देणारे हौशी लोकही असतात.

गेल्या वर्षभरात तिघांनी मला विचारलं, काय करू? दोघांच्या घरात ॲम्प्लिफायर होता आणि ठेवायचा की द्यायचा हे ठरत नव्हतं. तिसऱ्याकडे नव्हता, त्याला घ्यायचा होता. हे दोन प्रश्न एकच समजून लोक उत्तरं देतात आणि तिथेच घोटाळा होतो. माझ्या मते घरात आहे तो सहसा ठेवावा, त्याच्यावर खर्चही करावा. नाही त्याने घेताना मात्र फार सावध राहावं. असं का, ते सविस्तर सांगायला हवं, कारण विरुद्ध मताची बाजूही लंगडी नाही.

माझ्याकडचा ॲम्प माझ्या काकांचा. एफ.आर.सी.एस. करून ते १९७९ साली सोलापूरला परतले तेव्हा क्वाड ३०३ आणि त्याचा जोडीदार प्रीॲम्प, क्वाड ३३, असे दोन्ही त्यांनी बरोबर आणले. ३०३ हे मॉडेल १९६७ सालचं. इंग्लंडातल्या हंटिंग्डन गावी पीटर वॉकर यांच्या कंपनीत ते बनायचं. एका चॅनलला ४५ वॅट. आजच्या जाहिरातीत हा आकडा कुणी छापणारही नाही. पण आतली मांडणी बघितली की वॉकर आणि त्यांच्या माणसांनी कशाचा विचार केला होता ते कळतं. ट्रान्झिस्टर नुकते घरगुती ॲम्पमध्ये येऊ लागले होते आणि तापून जळून जाण्याबद्दल बदनाम होते. ३०३ मध्ये आउटपुटला प्रत्येक बाजूस तीन-तीन ट्रान्झिस्टरची साखळी घातली, अशी की मोठा ट्रान्झिस्टर तापला तरी विश्रांतीचा, म्हणजे गाणं नसतानाही वाहणारा, करंट त्याच्या मागे धावत सुटू नये. वीजपुरवठा ६७ व्होल्टवर बांधून ठेवला. आणि स्पीकरकडे जाणाऱ्या वाटेवर एक जाडजूड कपॅसिटर बसवला. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर सरळ डीसी करंट स्पीकरची कॉइल जाळतो. इथे तो कपॅसिटर मध्ये उभा असतो, डीसी पुढे जात नाही. या कपॅसिटरमुळे अगदी खालच्या खर्जाला किंचित मर्यादा येते, हे खरं. पण शेहेचाळीस वर्षांत आमच्याकडे एकही स्पीकर या ॲम्पने जाळलेला नाही, आणि एकदा ट्रान्झिस्टर खरोखरच गेला होता.

आता आवाजाबद्दल. जुन्या ॲम्पवर प्रेम करणारे लोक 'ती ऊब आता मिळत नाही' असं म्हणतात. मीही बरीच वर्षं तसंच म्हणत होतो. पण याच कंपनीची एक जुनी चाचणी आहे ती विसरून चालणार नाही. १९७८ साली जेम्स मॉयर या अभियंत्याने क्वाडसाठी ती घेतली. १९५३ चा व्हॉल्व्हवाला क्वाड टू, १९६७ चा ३०३ आणि १९७५ चा ४०५ असे तीन पिढ्यांचे ॲम्प पडद्याआड ठेवले, आवाजाची पातळी काटेकोर सारखी केली आणि अनुभवी श्रोत्यांना ओळखायला सांगितलं. त्यांची उत्तरं नाणं उडवून मिळाली असती तितपतच बरोबर आली. म्हणजे क्षमतेच्या आत वाजवला तर नीट बनवलेला ॲम्प स्वतःचं फारसं काही घालत नाही. ऊब बहुतेक वेळा स्पीकरची असते, खोलीची असते, काकांच्या आठवणीची असते.

या चाचणीवर आक्षेप घेणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांच्या बाजूने मला १९८५ सालचा एक प्रसंग आठवतो. अमेरिकेतल्या बॉब कार्व्हर यांनी स्टीरिओफाइल मासिकाला सांगितलं, तुम्हाला आवडतो तो महागडा व्हॉल्व्हचा ॲम्प आणा, माझा स्वस्त ट्रान्झिस्टरचा ॲम्प मी त्याच्यासारखा करून दाखवतो. हॉटेलच्या खोलीत बसून त्यांनी दोन्हींच्या आउटपुटमधला फरक मोजला आणि तो जवळजवळ शून्यावर येईपर्यंत आपला ॲम्प बदलत नेला. शेवटी मासिकाच्या मंडळींना दोन्हींतला फरक सांगता आला नाही. सुरुवातीला मात्र तो त्यांना ऐकू येत होता. त्यामुळे ॲम्प-ॲम्पमध्ये फरक असूच शकत नाही, असं मी म्हणणार नाही. तो असतो, मोजता येतो, आणि कमी पैशात त्याची नक्कलही करता येते. केवळ आवाजाच्या मोहिनीसाठी कुणी दोन लाख मोजणार असेल तर त्याने थोडं थांबावं.

मग समाधान कशाचं? माझ्यापुरतं सांगतो. आमची बैठकीची खोली बारा बाय पंधराची. स्पीकर साधारण ८७ डेसिबलचे, म्हणजे एका वॅटवर एक मीटर अंतरावर तेवढा आवाज देणारे. रात्री दहानंतर किशोरीताई आमोणकरांचा भूप लावला की ॲम्पला सरासरी एक वॅटही द्यावा लागत नाही. सगळी परीक्षा या पहिल्या वॅटच्या आत होते. तानपुऱ्याची तार छेडल्यावर विरत जाणारा नाद, सूर सोडताना घेतलेला श्वास, हे सगळं त्या छोट्याशा टोकाला असतं. कमकुवत ॲम्प नेमका तिथे चरचरतो, कारण वरच्या आणि खालच्या ट्रान्झिस्टरमधला सांधा तिथेच असतो. तो सांधा ज्याचा नीट जमला, त्याला मागे टाकायला नवीन काही आणण्याची गरज राहत नाही. सत्तावीस वर्षांत मी स्पीकर दोनदा बदलले, कॅसेट डेक गेला, सीडी प्लेअर आला आणि गेला. ॲम्प बदलावा असं मात्र एकदाही वाटलं नाही. हे समाधान आवाजाचं आहेच, पण शोध थांबल्याचंही आहे.

तरी हे समाधान फुकट टिकत नाही, आणि जुना ॲम्प विकणारे नेमकं हेच सांगत नाहीत.

इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरच्या आत ओलसर द्रव असतो आणि तो वर्षानुवर्षं सुकत जातो. त्या काळच्या कपॅसिटरवर ८५ अंश असं छापलेलं असायचं, आणि साधारण भरवसा असायचा २,००० तासांचा, तोही त्या ८५ अंशांवर. तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. पेटीच्या आत ४५ अंश धरले तर चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास. रोज तीन तास ऐकलं तर एकोणतीस वर्षं. काकांचा ॲम्प मात्र सोलापुरात, काचेच्या बंद शोकेसमध्ये होता. मे महिन्यात बाहेरच ४२-४३. आत ५५ च्या खाली नसणारच. तेच गणित पुन्हा करा, साडेचौदा वर्षं येतात. काकूंना नेमकं आठवतं की १९९४-९५ च्या सुमारास डाव्या बाजूने घुंई यायला लागली आणि काकांनी गाणं ऐकणं हळूहळू बंद केलं. कान गेले, असं त्यांना वाटत होतं. गेले होते कपॅसिटर.

१९९८ साली तो ॲम्प माझ्याकडे आला. पुढच्या वर्षी तो घेऊन मी पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या मागे बसणाऱ्या एका दुरुस्तीवाल्यांकडे गेलो. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. मी प्लग खोचायला निघालो तसा त्यांनी माझा हात धरला.

"थेट नाही लावायचा. आधी सिरीजवर."

लाकडी फळीवर एक होल्डर, त्यात शंभर वॅटचा साधा पिवळा बल्ब. ॲम्पकडे जाणारी वीज आधी त्या बल्बमधून जाते. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून तसाच राहतो आणि ॲम्प वाचतो. सगळं ठीक असेल तर तो भपकन पेटतो, आतले मोठे कपॅसिटर भरले की मंद होत होत तार नुसती तांबूस दिसते. त्या दिवशी तो मंद झाला, पण पुरता नाही. मास्तरांनी झाकण काढलं. फुगलेले दोन कपॅसिटर मलाही दिसले. त्यांनी सगळेच बदलले, सुटलेले डाग पुन्हा दिले, ट्रान्झिस्टरखालची वाळून खडू झालेली पांढरी पेस्ट खरवडून नवी लावली आणि शेवटी मीटरची सुई ३३.५ व्होल्टवर आणून ठेवली. ६७ चे बरोबर निम्मे. कुठल्या स्क्रूने किती फिरवायचं हे त्यांना ठाऊक होतं, कारण कंपनीने सर्किटचा नकाशा कधीच लपवून ठेवला नव्हता. मी त्याची झेरॉक्स बरोबर नेली होती. तिच्यावर मास्तरांनी पेन्सिलने खुणा केल्या, आणि ती घडी करून मी आजही ॲम्पच्या खाली ठेवतो.

माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा या झेरॉक्समध्ये आहे. जुना ॲम्प वर्षानुवर्षं समाधान देतो तो त्याच्या आत काही गुपित नसेल तर, आणि आतले भाग आजही बाजारात मिळत असतील तर. नाव कितीही मोठं असो, या दोन गोष्टी नसतील तर तो शोभेची वस्तू होतो.

उदाहरणार्थ, सोनी आणि यामाहाने १९७४-७५ च्या सुमारास व्ही-फेट नावाचे खास ट्रान्झिस्टर बनवून अप्रतिम ॲम्प काढले. ते ट्रान्झिस्टर बनायचे बंद होऊन कित्येक वर्षं झाली. एक जळला की दुसऱ्या मेलेल्या ॲम्पमधून काढलेला शोधायचा. असा ॲम्प कितीही सुंदर वाजला तरी विकत घेऊ नका, असंच मी सांगेन. उलट क्वाड ४०५ मध्ये विश्रांतीचा करंट लावण्याचा स्क्रूच नाही. एक छोटा, अचूक ॲम्प कायम काम करतो, मोठे ट्रान्झिस्टर फक्त ताकद पुरवतात आणि त्यांची चूक छोटा दुरुस्त करत राहतो. वय वाढलं म्हणून बिघडेल असं जुळवाजुळवीचं काही आत ठेवलेलंच नाही. ब्रिटनमध्ये १९७८ साली याला क्वीन्स अवॉर्ड मिळालं, बीबीसीने आपल्या एलएस ५/८ या मॉनिटर स्पीकरबरोबर तो वापरला. पण ४०५ चीही अडचण आहे. आजचे काही स्पीकर मध्येच तीन ओहमपर्यंत खाली येतात, तिथे जुन्या ४०५ चं करंट रोखणारं सर्किट आडवं येतं. शिवाय अर्ध्या व्होल्टवर पूर्ण ताकदीला जाणारा हा ॲम्प, दोन व्होल्ट देणाऱ्या सीडी प्लेअरबरोबर वापरला की व्हॉल्यूमचा काटा सुरुवातीपासून फारसा पुढे नेता येत नाही.

क्लास ए च्या ॲम्पबद्दल थोडक्यात. हे ॲम्प गाणं असो वा नसो, कायम पूर्ण करंट ओढतात. पुश-पुलमध्येही कागदावरची कमाल कार्यक्षमता ५० टक्के. म्हणजे चॅनलला शंभर वॅटचा असा ॲम्प चालू केल्या क्षणापासून किमान ४०० वॅट खातो. रोज तीन तास लावला तर महिन्याला ३६ युनिट, आणि त्या सगळ्याची उष्णता बैठकीच्या खोलीत. बर्फ पडणाऱ्या गावासाठी हे ठीक असेल. नागपूर-जळगावच्या माणसाने हा विचार आधी करावा.

विजेचंही तसंच. जपानमधून आणलेला ॲम्प १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेतला १२० चा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारा ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लोक दोघांनाही लावतात, आणि जपानी ॲम्प मग आयुष्यभर दहा टक्के जास्त दाबाखाली तापत राहतो. रात्री उशिरा आपल्याकडे लाइन २४५ पर्यंत चढते तेव्हा आणखी. कोकणात पावसाळ्यात रिलेचे आणि स्विचचे सांधे काळे पडतात, व्हॉल्यूम फिरवला की खरखर होते. एका मित्राच्या सान्सुईमध्ये उबेला आलेली पाल मरून बोर्डावर चिकटली आणि एक चॅनल गेला. नकली ट्रान्झिस्टरचा त्रास तर कुठेच चुकत नाही. वर नामांकित कंपनीचं नाव, आत नखाएवढी चिप. मास्तर नवा ट्रान्झिस्टर बसवण्याआधी एक फोडून बघतात.

नव्याची बाजूही मनापासून मांडायला हवी. आजचे क्लास डी ॲम्प ९० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम असतात, हाताला गारच लागतात. ब्रुनो पुटझाइस यांच्यासारख्या अभियंत्यांनी ज्या मोड्यूलवर काम केलं, त्यांची विकृती इतकी कमी आहे की १९६७ चा कुठलाही ॲम्प मोजमापात जवळपासही येत नाही. वॉरंटी असते, रिमोट असतो, फोनवरून गाणं लागतं. लहान फ्लॅटमध्ये नव्याने घर मांडणाऱ्या तरुण जोडप्याने असा एखादा घेतला तर त्यांनी चूक केली असं मी कधीच म्हणणार नाही.

मला खुपतं ते पुढचं. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी टीव्हीसाठी एका मोठ्या कंपनीचा रिसीव्हर घेतला. सहाव्या वर्षी त्याचा एक बोर्ड गेला. सेवाकेंद्राने दोन आठवडे ठेवून घेतला आणि सांगितलं, बोर्ड येत नाही, सर्किटचा नकाशा बाहेर देत नाही, नवीन मॉडेलवर सूट देऊ. ४६ वर्षांचा ॲम्प चालू, सहा वर्षांचा कचऱ्यात. यात नव्या तंत्राचा दोष नाही. कंपनीने ग्राहकाशी किती वर्षांचं नातं धरलं होतं, एवढाच हिशोब आहे. अमेरिकेत मॅकिन्टॉशने १९६२ पासून जवळजवळ तीन दशकं दुकानादुकानांत ॲम्प्लिफायर क्लिनिक भरवली. कुठल्याही कंपनीचा ॲम्प घेऊन या, फुकट मोजून कागद हातात मिळे. त्या कंपनीचे १९६१ चे एमसी २७५ आजही वाजतात त्यामागे केवळ जाड ट्रान्सफॉर्मर नाहीत. आपल्या केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं आहे. त्यात घरगुती इलेक्ट्रॉनिक्स आहे. या देशात ॲम्प विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने सर्किटचा नकाशा खुला करावा आणि किमान दहा वर्षं सुटे भाग द्यावेत, अशी सक्ती व्हायला हवी. तसं झालं तर आजचा क्लास डी सुद्धा २०६५ मध्ये कुणाच्या तरी माळ्यावरून चालू स्थितीत निघेल.

त्या तिघांना मी काय सांगितलं? पहिलीच्या वडिलांचा सान्सुई. मी म्हटलं, विकू नकोस, थेट लावूही नकोस, आधी सिरीजवर बघून घे आणि कपॅसिटर बदल. दुरुस्तीचा खर्च तुझ्या नव्या साउंडबारपेक्षा कमी येईल. दुसऱ्याकडे देशी सोनोडाइन होता. त्याला वाटत होतं यात काय ठेवायचं. माझ्या मते तोच सर्वांत सोपा, कारण भाग सहज मिळतात आणि तो हाताळलेले मेकॅनिकही आहेत. तिसऱ्याला नेटवर पाहिलेला क्लास ए क्रेल घ्यायचा होता, पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेकडच्या खोलीत. विकणारा आतले फोटो पाठवायला तयार नव्हता. त्याला मी स्पष्ट नाही म्हटलं. त्याला ते आवडलं नाही. पण उघडून दाखवत नाहीत असा ॲम्प घेणं म्हणजे बॉनेट न उघडता जुनी गाडी घेणं.

राहिला प्रश्न दुरुस्ती करणाऱ्यांचा, आणि सगळ्यात जास्त काळजी मला त्याची वाटते. मास्तर आता पंचाहत्तरीचे आहेत. डाग देताना हात किंचित थरथरतो. त्यांचा पुतण्या शेजारच्या गाळ्यात मोबाईलचे बोर्ड दुरुस्त करतो, मायक्रोस्कोपखाली केसाएवढ्या पायांना सोल्डर लावतो. कसबात तो मास्तरांच्या पुढे आहे, पण पैसा मोबाईलमध्ये असल्याने जुन्या ॲम्पना हात लावायला त्याला फुरसत नसते. १९९९ साली बदललेल्या माझ्या कपॅसिटरचं एकोणतीस वर्षांचं गणित २०२८ ला संपतं. घुंई येण्याची वाट बघायची नाही असं मी ठरवलं आहे. भागांची यादी मास्तरांनीच त्या झेरॉक्सच्या मागे लिहून दिली, या वेळी १०५ अंशांचे कपॅसिटर. पुतण्याने दिवाळीनंतरचा एक रविवार दिला आहे. हात त्याचे असतील, मास्तर बाजूच्या स्टुलावर बसून सांगणार आहेत, आणि बल्बची फळी मी घेऊन जाणार आहे.